उलट्या वेढ्याचा नागोबा

शनिवारी दुपारचा चहा झाला की मी स्कूटर काढते आणि उद्याच्या भिंती जागेवर आहेत की नाहीत ते बघून येते. शेजारचे काका दर वेळी जिन्यात अडवतात. "काय, भिंती बघायला निघालात? पाय फुटतात वाटतं त्यांना." फुटतात हो. गेल्या शनिवारी धडधाकट असलेली भिंत या शनिवारी नसते, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. कुणी ती पाडलेली असते, कुणी तिच्यावर पिवळा डिस्टेंपर फासलेला असतो, कुणी समोर पत्रे ठोकून आत बांधकाम काढलेलं असतं. आणि रविवारी सकाळी पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या घेऊन माणसं माझ्यामागून येणार असतात, त्यांना मी काय दाखवू? मुळात माझा स्वभाव धास्तीचा. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या वाटेतून परत फिरणारी मी बाई, त्यात धंदाही असा मिळाला.

धंदा म्हणजे भिंतफेरी. पुण्यातल्या भिंतींवर काढलेली चित्रं लोकांना चालत चालत दाखवायची. आधी मी एका प्रवासी कंपनीत होते, पुणे दर्शनच्या बसमध्ये माईक धरून बोलायचे. कंपनी बंद पडली, घसा तेवढा शाबूत राहिला. तेव्हा शनिवार पेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन मुलं शिडी लावून एक भलंमोठं मांजर काढत होती. येणारे-जाणारे थांबत, मान वर करत आणि "हे कशासाठी?" असं एकमेकांना विचारत. मुलं कामात होती, म्हणून मीच सांगायला लागले. तिथून हे सुरू झालं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भिंतीवरची चित्रं साधारण दोन जातींची. एक मालकाला विचारून, परांची बांधून, आधी अस्तराचा रंग देऊन सावकाश काढलेली. त्यांना म्युरल म्हणायचं. दुसरी न विचारता, फवाऱ्याच्या डब्यांनी, कुणी हटकायच्या आत उरकलेली. ती ग्राफिटी. पहिल्या जातीच्या खाली काढणाऱ्याचं नाव ठसठशीत असतं. दुसरीत नाव नसतं, एखादी खूण असते. मासा, त्रिकोण, वेडंवाकडं अक्षर. चार भिंती हिंडलात की खुणा ओळखू यायला लागतात आणि मग शहरात आपल्या ओळखीची माणसं राहतात असं वाटतं, प्रत्यक्षात एकालाही पाहिलेलं नसताना.

या कामात एक पथ्य मात्र कडक. ग्राफिटी कोणी काढली हे ठाऊक असलं तरी सांगायचं नाही. पोलिसाला नाही, पत्रकाराला नाही, गोड बोलणाऱ्याला तर मुळीच नाही. पुढे जे लिहिलंय त्यातली नावं, गावं आणि भिंतींचे पत्ते मी म्हणूनच बदललेत. खूणसुद्धा बदलली आहे. मुळात दुसरंच काहीतरी होतं, त्याच्या जागी मी नागोबा घातलाय. जिच्याबद्दल लिहिलंय तिला आणि तिच्या आईला विचारलंय. तरी हे छापून येईपर्यंत माझ्या जिवाला घोर राहणारच.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार असतात. एकदा हिंजवडीहून कंपनीची बस भरून मुलं आली. त्यातल्या एकीला प्रत्येक भिंत आपल्या कुर्त्याशी मॅच व्हायला हवी होती. "मॅम, ही वॉल थोडी डल आहे ना? नेक्स्ट कुठली आहे?" मी म्हटलं, "नेक्स्ट हिरवी आहे, तुझा कुर्ता जांभळा. तू वाटेत बदलणार आहेस का?" ती मनापासून हसली, तेव्हा माझाच आवाज जरा उतरला. दुसरे एक निवृत्त प्राध्यापक. हत्तीच्या चित्रासमोर इतका वेळ उभे राहिले की मला वाटलं भारावले. ते म्हणाले, "पुढच्या पायाला नखं चार काढलीत. पाच असतात. चित्रकाराचा फोन द्या, त्याला कळवायला हवं." आणि एका सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्या कुंपणभिंतीवर निळा धनेश होता, पंख पसरलेला, काय देखणा पक्षी. एका शनिवारी बघते तर भिंत कोरी बदामी. मी फाटकाशी जाऊन विचारलं, "अहो, इथला पक्षी कुठे गेला?" पेपरातून मान न काढता ते म्हणाले, "उडाला."

मी स्कूटरवर बसून रडले त्या दिवशी. माणसं हसतील, पण रडले. भिंत कुणाच्याच मालकीची नसल्यासारखी सगळ्यांना दिसत असते आणि एक दिवस तिचा मालक उगवतो. तेव्हापासून मी प्रत्येक चित्राचा फोटो काढून मोबाईलवरच्या माझ्या पानावर टाकायला लागले. खाली भिंत कुठे आहे ते नीट लिहायचं, म्हणजे निदान राहिली तोवर लोक बघतील. लोक बघतातच. नको तेही बघतात, हे मला उशिरा सुचलं.

नागोबा मला प्रथम दिसला कसब्यातल्या एका बोळात, पाण्याच्या टाकीखाली. मोठं चित्र होतं खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या मुलीचं, कंपनीच्या बसमधल्या. डाव्या कोपऱ्यात तळाशी, वीतभर उंचीचा, गेरूच्या रंगातला नाग. नागपंचमीला बायका दाराशेजारी भिंतीवर काढतात तसा. फणा, फण्यावर ठिपके, खाली शेपटीचे वेढे. फक्त वेढा उलट्या बाजूने गेलेला. आपण सगळे डावीकडून उजवीकडे वळवतो, हा उजवीकडून डावीकडे. मग तो मला हिंजवडीच्या पत्र्यांवर दिसला, नदीकाठच्या घाटाजवळ दिसला, कात्रजच्या उतारावर एका बंद गोदामाच्या भिंतीवर दिसला. दर वेळी चित्र वेगळं, कोपऱ्यात नाग तोच. मी हरखून जायचे आणि फोटो टाकायचे. "आज पुन्हा आपला नागोबा भेटला" असं वर लिहायचे, शहाणी.

आणि एका रविवारी उजाडता उजाडता हिंजवडीत मला तीच भेटली. फेरीच्या आधी बघून यावं म्हणून गेले होते. पत्र्याच्या कुंपणाशी एक मुलगी तोंडाला ओढणी बांधून रंगवत होती. मला बघून तिने डबा टाकला आणि पळायच्या बेतात उभी राहिली. मी म्हटलं, "अगं, मी पोलीस दिसते का? गुडघे बघ माझे." मग ती बसली. तिला आपण पल्लवी म्हणू. तिकडे अकोल्याच्या बाजूचं गाव. इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. घरी ठरवलेलं लग्न नाकारून तिने बरोबर काम करणाऱ्या, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं होतं. मोठ्या भावाने गावात चारचौघांसमोर सांगितलं होतं, जिथे दिसेल तिथे संपवीन. ते नुसतं बोलणं नव्हतं. एकदा तो तिच्या जुन्या खोलीपर्यंत येऊन गेला होता. त्यानंतर तिने नंबर बदलला, खोली बदलली, गावाशी सगळा संबंध तोडला.

"मग ही खूण कशाला?" मी विचारलं. "ती तरी कोणाची?"

"आईची आहे काकू. आमच्या दारावर ती असाच काढते. ती डावखुरी आहे ना, वेढा उलटा पडतो. गावात सगळे हसतात." तिने बोटाने पत्र्यावर नुसतंच वळण काढून दाखवलं. "मी ठरवून नाही काढत. काम संपलं की हात आपोआप तिकडे जातो."

मला तेव्हाच काहीतरी टोचलं, पण काय ते उमगलं नाही. मला वाटलं मुलीची दया येतेय. निघताना तिने आपला नवा नंबर मला दिला.

त्यानंतर काही महिन्यांनी एक फोन आला. तरुण बाईचा आवाज. "आमच्या मावशींना तुमच्या फेरीला यायचंय. त्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हळू चालतील, चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. रविवारी बघते तर काळा चष्मा लावलेली, डोक्यावर पदर घेतलेली साठीची बाई, हातात कापडी पिशवी. थोड्या अंतरावर मोटरसायकलवर एक दाढीवाला तरुण बसलेला. तो फेरीत नव्हता, पण आम्ही पुढे गेलो की गाडी पुढे आणत होता आणि सारखा मोबाईल समोर धरत होता.

मांजरापाशी बाई थांबल्या नाहीत. हत्तीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. कसब्यातल्या बोळात, टाकीखाली, झोपलेल्या मुलीसमोर मात्र त्या थांबल्या आणि खाली वाकल्या. सगळी मंडळी पुढे गेली तरी त्या तशाच. मी परत आले.

"हे कोनं काढलं बाई?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही हो," मी नेहमीचं उत्तर दिलं. "रातोरात काढून जातात."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. डोळा लाल होता, पाणी गळत होतं. "मले माहीत हाय," त्या म्हणाल्या आणि चष्मा परत खाली घेतला.

दाढीवाला बोळाच्या तोंडाशी गाडीवर बसलेला होता. पुढच्या तीन भिंतींसमोर मी काय बोलले देव जाणे. एकाने नंतर कळवलं की मी घुबडाला दोनदा मोर म्हणाले. घरी पोचण्याआधी रस्त्याच्या कडेला स्कूटर लावून मी पल्लवीला फोन केला.

"तुझी आई पुण्यात आहे. फेरीला आली होती. नागोबा ओळखला तिने."

पलीकडे दाराची कडी लागल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, "सोबत कोण होतं?"

"एक जण मोटरसायकलवर होता. दाढीवाला."

"उंच?"

"बसलेला होता गं, कसं कळणार?"

तिने फोन ठेवला. संध्याकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला, ते दोघं मित्राच्या घरी राहायला गेलेत, ऑफिसात काही दिवस घरून काम करतो म्हणून सांगितलंय. आवाजावरून मुलगा घाबरला होता पण मला धीर देत होता. मी त्या रात्री कोयंडा दोनदा तपासला. जणू तो माझ्याच दारात येणार होता. माझ्याकडे तरी का येणार नाही? मोबाईलवरच्या पानावर माझा चेहरा होता, नाव होतं, आणि प्रत्येक नागोबाखाली पत्ता होता. मुलीला शोधायचा नकाशा मी स्वतःच्या हाताने आखून, वर कौतुकाची फोडणी घालून, गावाला वाटला होता. सगळे फोटो काढून टाकले. पण ज्यांनी बघायचे त्यांनी बघितले असणार, हा विचार काही केल्या जाईना.

आठवड्याच्या मध्यावर पुन्हा तोच तरुण बाईचा आवाज. "मावशींना परत यायचंय." नाही म्हणावं असं मनात आलं. पण नाही म्हटलं तर संशय पक्का होणार. हो म्हटलं आणि फेरीचा रस्ताच बदलला. नागोबाची एकही भिंत वाटेत येणार नाही असा, नुसत्या सोसायट्यांच्या परवानगीच्या चित्रांचा, फुलपाखरं आणि 'झाडं लावा' वगैरे. जन्मात इतकी कंटाळवाणी फेरी मी काढली नव्हती. बाई शेवटपर्यंत मुकाट चालल्या. दाढीवालाही होताच मागे.

फेरी संपते तिथे चहाची टपरी आहे. लोक पांगले. बाई बाकावर बसल्या आणि शेजारची जागा हाताने झटकली. मला बसावं लागलं.

"तुम्ही मले फिरवून राह्यल्या," त्या म्हणाल्या. रागावून नाही, पाऊस थांबलाय असं सांगावं तसं.

"नाही हो, दर रविवारी रस्ता वेगळा असतो."

"असंन." त्यांनी चहा बशीत ओतला. "तिले तुम्ही वळखता. मागच्या इतवारी तुमचं तोंड पाह्यलं मी. एकच डोळा चालते माहा, पन तेवढं दिसलं."

तेवढ्यात मोटरसायकल बाजूला लावून तो दाढीवाला सरळ आमच्याकडे चालत यायला लागला. हात खिशात. टपरीवाला पाठमोरा होता. ओरडावं तर काय म्हणून ओरडावं? तो आला, बाईंच्या समोर उकिडवा बसला आणि खिशातून औषधाची इवलीशी बाटली काढली.

"मावशी, ड्रॉप्सची वेळ झाली. मी मघापासून घड्याळ बघतोय." त्याने त्यांची मान हलकेच मागे केली आणि डोळ्यात थेंब टाकला. मग माझ्याकडे बघून संकोचून म्हणाला, "सॉरी हं काकू, तुमच्या मागे मागे फिरतोय. बायको म्हणाली मावशींना एकटं सोडायचं नाही. चित्रं पण भारी आहेत, फोटो काढले मी."

तो त्यांचा भाचेजावई. मला हसू आणि रडू एकदमच आलं. दोन्ही गिळून मी त्याला म्हटलं, फोटो कुणाला पाठवलेस का? नाही म्हणाला. कसब्यातला तो झोपलेल्या मुलीचा काढून टाक, म्हटलं. त्याने बाईंकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, आणि त्याने काहीही न विचारता तो काढून टाकला. फार गुणी मुलगा.

मग बाई बोलल्या. भाचीने मोबाईलवर माझ्या पानावरचा फोटो दाखवला होता आणि गमतीने म्हणाली होती, मावशी, हा तुझ्या नागोबासारखाच उलटा आहे बघ. तिच्या मनात काहीच नव्हतं. पण बाईंची झोप उडाली. डोळ्याचं ऑपरेशन गावाजवळही झालं असतं, त्यांनी हट्टाने पुणं धरलं.

"तिच्या घराचा पत्ता हवाय का तुम्हाला?" मी घाबरत विचारलं. आता नाही म्हणायचं बळ माझ्यात नव्हतं, आणि हो म्हणायचंही.

"नोका सांगू." त्यांनी बशी खाली ठेवली. "मले बिलकुल नोका सांगू. माह्या पोटात राहत नाही. माहा पोट्टा इचारन तं माह्या तोंडावर दिसन. मी पत्त्यासाठी नाही आली बापा."

"मग?"

"तिले सांगजा, हे काढू नोको म्हना. मी वळखलं, भाचीनं वळखलं. तो तं जलमापासून पाहून राह्यला दारावर. आज ना उद्या त्याच्या मोबाइलवर येईन." त्यांनी पदराने डोळ्याखालचं पुसलं. औषध होतं की काय ते मला कळलं नाही. "अन् जेवढे काढले, थे पुसा."

भिंती पुसणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडण्यात माझी उमर गेली. ते मी त्यांना काय सांगणार? मी बरं म्हटलं.

कात्रजचा पुसायला त्यांना स्वतः यायचं होतं. परतीच्या गाडीच्या आदल्या दिवशी, भाचेजावयाच्या मागे बसून त्या आल्या. मी भिंतीच्या रंगाचा डबा, दोन ब्रश घेऊन स्कूटरवरून. ती भिंत पल्लवीचं सगळ्यात मोठं काम. वर पांढरे ढग, खाली ढगांसारखीच फुटलेली कपाशी, आणि त्यात कपाशी वेचणारी एक पाठमोरी बाई. मी ते चित्र कितीतरी वेळा लोकांना दाखवलं होतं. ढग आणि कपाशीबद्दल भरपूर बोलायचे. त्या दिवशी बाई शेजारी उभ्या राहिल्या तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की चित्रातली बाई डाव्या हाताने वेचतेय.

त्याही बघत होत्या. खूप वेळ बघत होत्या.

"आमचं वावर हाय," त्या म्हणाल्या.

माझ्या मनात पाल चुकचुकली. न राहवून मी म्हटलं, "हे पण पुसायला लागेल का? हात डावा आहे. तुमचा मुलगा ओळखेल."

"नाही वळखत. दारावरचा नागोबा येता-जाता दिसते म्हनून ध्यानात हाय. माय कोन्या हातानं येचते, थे पाहाले तो कवा वावरात आला?" त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच धार आली. "हे राहू द्या."

मग त्या कोपऱ्यात नागोबासमोर बसल्या. मी रंग ढवळून ब्रश पुढे केला, पण त्यांनी घेतला नाही. भिंतीवर काढलेला नागोबा हाताने पुसत नाहीत. दिवाळीला घराला चुना लागतो तेव्हा तो आपसूक झाकला जातो, तोवर त्याला कोणी शिवत नाही. हे मलाही माहीत होतं, आमच्याकडेही तेच. त्यांनी पिशवीतून हळदकुंकवाची पुडी काढली, फण्याला लावलं, हात जोडले. ओठ हलले, काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. मग डाव्या हातात ब्रश घेऊन त्यांनी शेपटीकडून सुरुवात केली. वेढा जसा गेला होता तसाच ब्रश फिरवत त्या फण्यापर्यंत आल्या. काढतानाच्या वळणानेच पुसत होत्या. भाचेजावई तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभा राहिला.

नेमका फिरायला निघालेला एक तरुण थांबला. कानातला इअरफोन काढून मला म्हणाला, "काकू, एवढं सुंदर आर्ट आहे, तुम्ही डॅमेज का करताय? अशाच लोकांमुळे शहराची वाट लागते." माझंच भाषण, माझ्याच स्वरात. मी म्हटलं, "सोसायटीचं काम आहे. हरकत असेल तर लेखी द्या." तो निमूट चालता झाला.

बाकीचे मी पुढच्या आठवड्यात पुसले, भर दिवसा, डोक्याला रुमाल बांधून. कामगार बाई समजून कुणी हटकलं नाही. घाटाजवळच्या नागोबावर ब्रश टेकवताना शेजारच्या चित्रावर रंगाचा ओघळ गेला. तो डाग अजून आहे. फेरीत लोक विचारतात, मी सांगते की ओल आलीये.

पल्लवीला हिंजवडीत भेटून मी सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही अडवलं नाही. आईने काय नेसलं होतं, कशी चालत होती, यातलं काही विचारलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "ड्रॉप्स कुठल्या डोळ्यात टाकत होता?" मी म्हटलं, उजव्या. "मग डाव्याचं अजून व्हायचंय," ती म्हणाली आणि चेहरा ओढणीत घालून बसली. मी पाठीवर हात ठेवला, पण तिची पाठ इतकी ताठ झाली होती की मी काढून घेतला.

ती अजून रंगवते, असं तिचा नवरा सांगतो. कुठे, ते मी विचारत नाही. शनिवारी भिंती बघत जाते तेव्हा एखादं चित्र नवं दिसतं, चांगलं असतं, आणि मी त्याच्यासमोर घोटाळते. कोपरा रिकामा असतो. मग तिचं असेलही, नसेलही. सांगता येत नाही. आणि भावाला तरी कुठून कळणार, असं स्वतःला समजावत मी किल्ली फिरवते. तरी मोटरसायकल मागे आली की अजून दचकते.

यंदा नागपंचमीला सकाळीच अनोळखी नंबरवरून फोन आला. भाची गावाला गेली होती, तिने कुठल्याशा मैत्रिणीच्या फोनवरून लावून दिला होता. पलीकडे बाई होत्या. पल्लवीचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही घेतलं नाही.

"पुन्हा कुठी दिसला का?" त्यांनी विचारलं.

"नाही. एकही नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मागे घरातली भांडी वाजत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुमचा नागोबा काढून झाला का?"

"नाही काढला. औंदा बजारातून छापील आनला, थोच चिकटवला दारावर. सरळ वेढ्याचा. बायका म्हनतात, काऊन वं, हात मोडला का?"

"मग का नाही काढलात?"

"उलटा पोट्ट्याच्या डोयापुढं राह्यला तं ध्यानात राहीन ना. दोन-चार सालं सरळच पाह्यला, का इसरून जाईन तो."

भांडी वाजायची थांबली होती. त्याच पुढे म्हणाल्या, "मले बी आता सरळ काढता येते का पाहून राह्यली. पाटीवर काढते, पुसते. नाही जमत वं बाई."